भिंतीचे ऐकावे की ओळंब्याचे?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असे एखादे कपाट असेल, की ज्याचे दार लावले तरी थोड्या वेळाने ते आपले आपण उघडते. आपण उठतो, दार लावतो, पुन्हा येऊन बसतो. पाठीमागे पुन्हा कुरकुर होते. मग कोणी दारात कागदाची घडी कोंबतो, कोणी बाहेरून दोरी बांधतो, आणि म्हातारी माणसे म्हणतात, 'घराला सवय झाली आहे, राहू दे.' आज मला या दाराविषयी बोलायचे आहे. खरे म्हणजे दाराविषयी नाही, दार ज्या चौकटीत बसते ती चौकट आणि त्या चौकटीमागचे खण, या दोहोंच्या संबंधाविषयी. हा संबंध बिघडला की दार बिचारे बदनाम होते.

मी इस्लामपूरला राहतो. २०२५ साली आमच्या गावाचे नाव ईश्वरपूर झाले, पण एस.टी.त बसताना तोंडातून अजून जुनेच नाव निघते. धंद्याने मी मास्तर, गणितात एम.ए. केले आणि कॉलेजात तेच शिकवतो. सुतारकामाशी माझा संबंध काय, असे आपण विचाराल. संबंध एका चुकीने आला. ती चूक माझीच होती. ती सांगेनच, पण आधी कपाटाची ओळख करून घेऊ.

भिंतीतल्या कपाटाला आपल्याकडे जुना शब्द आहे, फडताळ. देवळी लहान, कोनाडा त्याहून मोठा, आणि ज्याला दारे लावून आत फळ्या घातल्या ते फडताळ. आपल्या भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती चांगल्या हात-दीड हात जाड. त्या जाडीतच ही फडताळे बसवलेली असत. वाड्याचा भार मुख्यतः लाकडी खांब आणि तुळया पेलत, आणि विटांचे किंवा दगडमातीचे बांधकाम त्यांच्या भोवतीने वर चढे. चौकट आधी उभी करायची, तिला ओळंबा लावायचा, टेकू द्यायचा, आणि मग भिंत तिच्या अंगाने बांधत न्यायची, अशी रीत होती. म्हणजे चौकट हा नियम आणि भिंत ही त्या नियमाप्रमाणे चालणारी. सुतार आणि गवंडी एकाच वेळी कामावर असत. एकाचे चुकले तर दुसरा तिथल्या तिथे ओरडे.

आता क्रम उलटा झाला आहे. आज आपल्या गावोगावच्या घरांत गवंडी आधी येतो. तो भिंतीत किंवा दोन भिंतींच्या मध्ये खण सोडतो, त्यात कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फरश्या बसवतो, आणि बाजूंना गिलावा करतो. कडप्पा म्हणजे आंध्रातल्या कडप्पा भागातून येणारा काळा चुनखडी दगड. स्वस्त, टिकाऊ, वाळवी लागत नाही, पाण्याने फुगत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली तोच, धान्याच्या खोलीत तोच, कपड्यांच्या कपाटातही तोच. गवंडी आपली मजुरी घेऊन जातो. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी सुतार येतो, आणि त्या दगडी खणांच्या तोंडावर लाकडाची चौकट ठोकून तिला दारे लावतो. दोघांची गाठ पडत नाही. एकाने केलेली वाकडी पेटी दुसऱ्याच्या गळ्यात पडते, आणि घरमालक दोघांच्या मध्ये उभा राहून आपल्याला सगळे कळते असे समजतो.

माझेही तसेच झाले. घर बांधले, आणि झोपायच्या खोलीत सात फूट उंचीचे कपाट करायचे ठरले. गवंडी खण बांधून गेला होता. सुतारमिस्त्री आले. वयाने माझ्याहून मोठे, बोलणे थोडके. त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला, भिंतीच्या तोंडावर धरला, आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, भित वरच्या अंगाला फुडं आलीया. दोन सेंटिमीटर असंल. आता तुमी सांगा, भितीचं ऐकायचं का वळंब्याचं?"

मी विचारले, फरक काय पडतो? ते म्हणाले, "वळंब्याचं ऐकलं तर वर चौकट भितीला लागंल आणि खाली दोन सेंटिमीटर फट पडंल. ती आपुन निमुळती पट्टी घालून बुजवू. भितीचं ऐकलं तर फट न्हाई, पर चौकट वाकडी."

मला फट आवडेना. नव्या घरात फट कशाला? मी म्हटले, "भिंतीला चिकटूनच बसवा. सात फुटांत दोन सेंटिमीटर काय मोठे?" मिस्त्री एकदा माझ्याकडे पाहून म्हणाले, "मर्जी तुमची." आणि त्यांनी चौकट भिंतीला चिकटवून ठोकली. दारे लावल्यावर आठ दिवसांत ती आपोआप उघडू लागली. मी मिस्त्रींना बोलावून घेतले, काम नीट झाले नाही म्हणालो, आणि राहिलेले दीड हजार रुपये अडकवून ठेवले. ते एकही शब्द न बोलता निघून गेले.

श्रोतेहो, ही गोष्ट इथेच थोडी थांबवतो, आणि दार का उघडते ते पाहू. दार बिजागऱ्यांवर फिरते. वरची बिजागरी आणि खालची बिजागरी जोडणारी एक सरळ रेघ मनात धरा. ही रेघ अगदी उभी असेल, तर दार फिरताना वर चढत नाही की खाली उतरत नाही. जिथे सोडाल तिथे ते राहते. पण ती रेघ वरच्या टोकाला खोलीच्या बाजूला झुकली, की दाराची सर्वांत खालची जागा खोलीच्या दिशेने येते. पाणी जसे उताराकडे जाते, तसे दार त्या खालच्या जागेकडे जाते. म्हणजे उघडते. रेघ मागे झुकली असेल तर दार धाडकन मिटते आणि पोराची बोटे चेपतात. बिजागरीला तेल घालून हा रोग वाढतो. गंजलेली बिजागरी दाराला निदान धरून तरी ठेवते!

तेव्हा चौकट बसवण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. त्यांना लागतात एक दोरी, एक टेप आणि थोडा धीर.

पहिली तपासणी ओळंब्याची. चौकटीचा प्रत्येक उभा दोन बाजूंनी पाहायचा. एकदा समोरून, म्हणजे तो डावी-उजवीकडे झुकला आहे का. आणि एकदा कडेने, म्हणजे तो पुढे-मागे झुकला आहे का. पुष्कळ जण समोरून पाहतात आणि कडेने पाहायचे विसरतात. माझ्या कपाटाचा सगळा दोष कडेचा होता. आडव्यासाठी पाणसळ लावावी. खण लांब असेल तर पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यावी. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, मग दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीला उभे राहते.

दुसरी तपासणी कर्णाची. शिक्षकमित्रांनी इथे लक्ष द्यावे, कारण हा वर्गात करून दाखवण्याजोगा धडा आहे. समजा, कपाटाचे तोंड ९० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच आहे. तीन, चार, पाचचा त्रिकोण आपल्याला पाठ आहे. त्याची तीसपट केली की ९०, १२० आणि १५०. म्हणजे कोपरे काटकोनात असतील तर दोन्ही कर्ण बरोबर १५० सेंटिमीटर भरले पाहिजेत. आता चौकटीची वरची बाजू एक सेंटिमीटर कडेला सरकली असे समजा. एक कर्ण होईल सुमारे १५०.६ आणि दुसरा सुमारे १४९.४. सरकली एक सेंटिमीटर, पण दोन कर्णांत फरक पडला सव्वा सेंटिमीटरच्या जवळपास. म्हणजे कर्ण चूक लपवत नाहीत, थोडी मोठी करून दाखवतात. गुण्या लहान असतो, त्याच्या हातभर लांबीत ही चूक दिसतही नाही. मात्र एक सावधगिरी. कर्ण सारखे भरले एवढ्याने काम संपत नाही. समोरासमोरच्या बाजूही सारख्या असल्या पाहिजेत. वर अरुंद आणि खाली रुंद अशा आकृतीचे कर्णही सारखे असू शकतात.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात कर्णाचा हा नियम आलेला आहे, आणि शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाच्या वेदी आखणारी माणसे दोरीनेच मापे घेत. आमच्या मिस्त्रींनी शुल्बसूत्राचे नाव ऐकलेले नव्हते, पण दोरी त्यांच्या पिशवीत होती. माझ्या कपाटात शुल्बसूत्रावरचे पुस्तक होते, आणि दोरी नव्हती!

तिसरी तपासणी पिळाची. ही सगळ्यांत कमी केली जाते. खणाच्या चार कोपऱ्यांना चार खिळे मारा. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एक दोरी ताणा, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत दुसरी. मधोमध दोन्ही दोऱ्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. दोघींत अंतर दिसले, तर चार कोपरे एका पातळीत नाहीत, तोंडाला पीळ आहे. मधल्या अंतराच्या दुप्पट एक कोपरा पुढे किंवा मागे आहे असे समजावे. मध्ये पाच मिलिमीटर अंतर असेल तर कोपरा दहा मिलिमीटरने बाहेर. आणि दोऱ्या एकमेकींना दाबत असतील, तर खालची वर आणि वरची खाली घेऊन पुन्हा पाहावे. पीळ असलेल्या खणावर चौकट घट्ट ठोकली, तर ती चांगली असली तरी तो पीळ घेते, आणि मग दोन दारे मध्ये एकमेकांना मिळत नाहीत. वर मिळाली तर खाली एक पुढे येते.

आता चौकट खणाला जुळवायची कशी? पहिली गोष्ट, चौकट स्वतःच्या मापाने काटकोनात करायची, खणाच्या वाकडेपणाच्या मापाने नाही. खणाची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी, उंचीही तीन ठिकाणी. तिन्हींत जे लहान भरेल ते माप धरून चौकटीच्या आतले तोंड काढावे. चौकटीच्या पट्ट्या दोन-तीन इंच रुंद असतात, त्यांच्या मागे खणाचा कमीजास्तपणा झाकला जातो. आठ मिलिमीटरचा फरक असेल तर एका बाजूला आठ असा सोडू नये, चार-चार असा दोन्ही बाजूंना वाटून द्यावा. डोळ्याला चार कळत नाहीत, आठ लगेच टोचतात.

मग कडा कुठे जुळवायच्या? याचे एक साधे सूत्र मिस्त्रींनी मला नंतर सांगितले. खाली बरोबर, बाजूला थोडी आत, वर हवी तशी. खालच्या आडव्या पट्टीची वरची कड सर्वांत खालच्या फरशीच्या पातळीला बरोबर मिळाली पाहिजे. ती वर राहिली तर तिथे उंबरा होतो; सांडलेले पीठ, धूळ, झुरळांची घाण तिथे साठते, आणि झाडून काढणाऱ्या बाईच्या बोटाला रोज तो उंबरा लागतो. बाजूच्या उभ्या पट्ट्या खणाच्या आत चार-पाच मिलिमीटर आल्या तरी चालते, उलट गिलाव्याची ओबडधोबड कड झाकते. पण जिथे आत ड्रॉवर सरकायचा आहे तिथे हे चालत नाही. तिथे एक तर कड अगदी मिळवून घ्यावी, नाहीतर आतून तेवढ्याच जाडीची पट्टी मारून ड्रॉवरची वाट सरळ करावी. वरची पट्टी थोडी खाली उतरली तरी कोणाच्या हाताला अडत नाही.

चौकट जागेवर धरली की आधी पाचरी मारून ती ओळंब्यात आणायची. स्क्रू नंतर. आणि स्क्रू जिथे येणार तिथेच पाचर असली पाहिजे. हे फार महत्त्वाचे आहे. मागे पोकळी असताना स्क्रू पिळला, की तो चौकटीला भिंतीकडे ओढतो आणि इतका वेळ केलेली मेहनत एका फेऱ्यात वाया जाते. बिजागऱ्यांच्या समोर पाचर आणि स्क्रू हमखास घ्यावा, कारण दाराचा भार तिथे येतो. सगळे स्क्रू अर्धे पिळून पुन्हा ओळंबा, कर्ण आणि पीळ पाहावे, मग पुरते पिळावे. शेवटी भिंत आणि चौकट यांच्यामधली फट निमुळत्या पट्टीने बुजवावी. ही पट्टी एका टोकाला दोन सेंटिमीटर आणि दुसऱ्या टोकाला कागदाएवढी असली तरी रंग दिल्यावर कोणाच्या ध्यानात येत नाही. वाकडे दार मात्र रोज ध्यानात येते.

आता लाकूड आणि हवा यांच्याविषयी थोडे. दगड हलत नाही, प्लायवूड फारसे हलत नाही, पण लाकूड जन्मभर हलते. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा घेते आणि फुगते, चैत्र-वैशाखात ओलावा सोडते आणि आकसते. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत मात्र दिसण्याइतका. सागवान या बाबतीत शहाणे लाकूड. तरी सुद्धा ओलाव्यात शेकडा सहाचा फरक पडला, तर साडेसात सेंटिमीटर रुंदीची सागाची पट्टी जवळजवळ एक मिलिमीटर फुगू शकते. आणि पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीचे फळ्या जोडून केलेले दार पाच मिलिमीटरपर्यंत. म्हणून दाराभोवती दोन-तीन मिलिमीटर फट सोडतात. म्हणूनच जुने सुतार दाराचा मधला फळा चौकटीच्या खाचेत मोकळा ठेवत, सरस लावून पक्का करत नसत. त्याला श्वास घ्यायला जागा हवी.

यावरून एक विनंती. पावसाळ्यात दार अडकले म्हणून लगेच रंधा मारू नका. दिवाळीपर्यंत वाट पाहा. आषाढात रंधलेले दार माघात सैल होते, आणि काढलेले लाकूड परत चिकटवता येत नाही. उन्हाळ्यातही अडकत असेल तर मात्र दोष चौकटीत आहे; तिथे ओळंबा लावा.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-वारणेचा महापूर आपण सर्वांनी पाहिला. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या घरांत काय दिसले? भुशाच्या दाबीव फळ्यांची कपाटे भिजल्या पावासारखी झाली होती. कडप्प्याचे खण धुतले की पुन्हा उभे. चौकटी आणि दारे फुगली होती. ज्यांनी ती उन्हात टाकून घाईने वाळवली, त्यांच्या फळ्या तडकल्या आणि पिळल्या. पाणी चढलेले लाकूड सावलीत, हवेशीर जागी, सावकाश वाळू द्यावे. दारे उघडी ठेवावी, आणि पुरते वाळेपर्यंत दुरुस्तीला हात घालू नये. नदीकाठी नवे कपाट करताना प्लायवूडवर भारतीय मानकाचा शिक्का पाहून घ्यावा. सर्वसाधारण कामाच्या प्लायवूडचा क्रमांक ३०३ आणि पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचा ७१०.

आता माझी राहिलेली गोष्ट. दीड हजार अडकवून मी वर्षभर निश्चिंत होतो. मग एक दिवस माझ्या मुलीला शाळेतून ओळंबा करून आणायला सांगितले. तिने शिवणाच्या दोऱ्याला लोखंडी नट बांधला आणि घरभर लावत सुटली. खिडकीला लावला, दाराला लावला, आणि शेवटी त्या कपाटाला. मग हाक मारली, "बाबा, इकडे या. आपलं कपाट पुढे पडतंय." दोऱ्याचा नट खाली चौकटीपासून दोन सेंटिमीटर लांब लोंबत होता. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी सांगितले होते तेवढाच.

मी खंडेनवमीच्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर पाटावर हत्यारे मांडली होती. रंधे, पटाश्या, करवती, गुण्या, ओळंबा. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुले. मी दोन हजार रुपये पुढे केले आणि चूक माझी होती म्हणालो. त्यांनी पैसे मोजले, दीड हजार ठेवून घेतले, आणि पाचशे परत माझ्या हातात दिले.

मी म्हटले, "ठेवा. तुमच्याकडून वर्षभर वापरून घेतले."

ते म्हणाले, "न्हाई सर. तुमी सांगितलं खरं, पर ठोकताना हात माजा हुता. वाकडं दिसत असताना म्या ठोकलंच की. तवा 'न्हाई' म्हणाय पायजे हुतं. दसरा झाल्यावर येतो, नीट करून देतो. त्याचं काय घेनार न्हाई."

आणि ते आले. दारे उतरवली, चौकट मोकळी केली, पाचरी मारल्या, खालची फट पट्टीने बुजवली. एका सकाळचे काम. आज ते दार जिथे सोडावे तिथे उभे राहते. फट कुठे होती ते पाहुण्यांना मीच दाखवतो.

श्रोतेहो, मी त्या दिवसापासून एक गोष्ट करतो, आणि आपणही करून पाहावी. घरात सुतार-गवंडी काम करत असतील, तर कडप्पा बसवण्याआधी दोघांना एकदा एकत्र बोलवावे, चहा द्यावा, आणि खण गवंड्याने सोडताना सुताराचे माप विचारायला लावावे. अर्ध्या तासात पुढचे वर्षभराचे भांडण मिटते. आणि कामाचा माणूस 'हे वाकडे होईल' म्हणाला, तर आपली पदवी क्षणभर बाजूला ठेवून त्याच्या हातातल्या दोरीकडे पाहावे.

शिक्षकमित्रांना एवढेच सांगतो, की उद्या वर्गात एक दोरी आणि एक नट घेऊन जा. फळ्याची चौकट, वर्गाचे दार, खिडकी, सगळ्यांना ओळंबा लावू द्या, कर्ण मोजू द्या. मुले चुका शोधतील. काही चुका आपल्याही निघतील. निघू द्याव्यात.